कांद्याचे फूल

मराठी भाषेने फुलांचे जितके लाड केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाचे केले असतील. मुलींची नावे आम्ही फुलांवरून ठेवतो: जाई, जुई, शेवंती, चमेली, अबोली. लुगड्याचा रंग सांगायचा तर तो गुलबक्षी, नाही तर अबोली. लग्नात नवऱ्यामुलाच्या गळ्यात फुले, देवाच्या मस्तकावर फुले, आणि माणूस शेवटच्या प्रवासाला निघाला म्हणजे त्याच्या छातीवरही फुलेच. अशा या फुलवेड्या भाषेत एक फूल मात्र असे आहे, की त्याला धड स्वतःचे नावही नाही. कांद्याच्या फुलाला घाटावरचा शेतकरी ‘डेंगळा’ म्हणतो, कोणी ‘डोंगळा’ म्हणतात. आणि तो शब्द उच्चारताना त्याच्या कपाळाला आठी पडते. ‘रानात डेंगळे आले’ हे वाक्य ‘बाग फुलली’ या वाक्याच्या घरातले नव्हे; ते ‘पिकावर रोग पडला’ या वाक्याच्या शेजारी बसणारे आहे. एखाद्या जीवाने फुलावे, आणि ते फुलणेच त्याचा दोष ठरावे, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे.

वाचक म्हणतील, मास्तर, दिवाळीचा अंक आम्ही चकली-चिवड्याची ताटली शेजारी ठेवून वाचायला घेतो. त्यात तुम्ही हा कांदा कुठून आणलात? चिवड्यात तळलेला कांदा चालतो, अंकात नव्हे! त्यावर माझे उत्तर इतकेच, की कांदा मी आणलेला नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या घरात आधीपासूनच आहे. फक्त तो मागच्या दाराने आलेला आहे. आणि कोणाला पुढच्या दाराने घ्यायचे व कोणाला मागच्या, हा प्रश्न कांद्यापुरता राहत नाही.

प्रथम हे फूल आहे तरी कसे ते पाहू. कारण कांदा रोज चिरणाऱ्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेले नसते. कांदा ही दोन हंगामांची वनस्पती. पहिल्या हंगामात ती पानांनी मिळवलेले सारे धन जमिनीखाली साठवते. त्या साठ्यालाच आपण कांदा म्हणतो. तो तसाच राहू दिला, मध्ये थोडी थंडी त्याला लागली, तर दुसऱ्या हंगामात त्याच्या पोटातून एक पोकळ, हिरवा, मधे जरासा फुगीर दांडा उभा राहतो. दांड्याच्या टोकाला कागदासारख्या पातळ पापुद्र्याची मिटलेली पिशवी असते. एके दिवशी ती फाटते, आणि आतून शेकडो इवल्या पांढऱ्या चांदण्यांचा गोल गेंद बाहेर येतो. प्रत्येक चांदणीला सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर मधोमध हिरवी रेघ. एका फुलातले पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते, आणि ते पुरे करायला मधमाश्या लागतात. त्या सकाळपासून त्या गेंदाभोवती घुमू लागतात. कांद्याचा म्हणून जो उग्र दर्प आपण ओळखतो, तो पेशी चिरडल्याशिवाय उमटतच नाही. न दुखावलेल्या फुलाजवळ नाक नेले तर मधाचा मंद गोडवा जाणवतो. कांदा रडवतो तो आपण सुरी लावल्यावर. आपण होऊन तो कुणाला रडवीत नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. खाण्याच्या पिकात अवेळी दांडा निघाला, की कांद्याने साठवलेले धन वर चढू लागते. मधला गाभा दांडरतो, कांदा टिकत नाही, बाजारात भाव येत नाही. खेडच्या बाजारात कांदा-बटाटा विकणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मी त्यांच्याकडे एकदा हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, डेंगळ्याचा कांदा मी गिऱ्हाइकाला देत नाही. दिला, तर कांदा परत येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. तुम्हाला ते फूल दिसतं, मला गोणीतली घट दिसते.” या माणसाच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा दिसत नाही. ज्याचे पोट कांद्यावर आहे त्याने कांद्याच्या फुलावर प्रेम करावे, असे सांगणारा मी कोण? १९९८ साली दिल्लीतले सरकार पडण्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता असे सगळेच मानतात. असल्या वजनदार वस्तूपुढे फुलाची काय कथा!

परंतु जगात सर्वत्र असे नाही, हे कळल्यावर माझ्या मनातला प्रश्न अधिकच टोकदार झाला. कांदा-लसणाच्या या कुळात आठशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कित्येक युरोपात केवळ फुलांसाठी लावतात. मध्य आशियातल्या डोंगरांतून गेलेली एक जात पुरुषभर उंच दांड्यावर नारळाएवढा जांभळा चेंडू धरते. दुसरीचा गेंद विरळ असतो, आणि तिच्या रुपेरी-जांभळ्या चांदण्या वाळल्यावरही तशाच ताठ राहतात. लंडनच्या चेल्सी येथील नामांकित पुष्पप्रदर्शनात हे कांदे गुलाबांच्या पंक्तीला बसतात. आपल्याकडेही हिमालयात रानकुळीतले जांभळ्या गेंदांचे कांदे आपोआप फुलतात. आणि उत्तराखंडात त्याच कुळातल्या ‘जंबू’ची पाने-फुले वाळवून डाळीला फोडणी देतात. तिथे तेच फूल पाहायचेही आहे आणि खायचेही.

आमच्या खेडला हे शोभेचे कांदे येत नाहीत, हे सांगून टाकलेले बरे. नाही तर एखादी उत्साही भगिनी उद्याच कंद मागवायची. त्यांना कडक हिवाळा लागतो, आणि झोपेच्या दिवसांत कोरडी जमीन लागते. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे गोधडी पांघरावी आणि नऊ वाजता पंखा लावावा असा. आणि पाऊस असा, की जगबुडी नदीने आपले नाव सार्थ करून दाखवावे. २००५ साली आणि पुन्हा २०२१ साली तिने खेडच्या बाजारपेठेत शिरून ते दाखवलेही. अशा जांभ्याच्या मुलुखात परदेशी कंद मातीत कुजून जायचा. पण आपला साधा, टोपलीतला कांदा मात्र इथेही थंडीत फुलतो. म्हणजे आपल्या बागेत कांद्याचे फूल नाही, याचे कारण हवामान नव्हे. मग काय?

कोणी म्हणेल, वास. पण हे कारण टिकत नाही. दसऱ्याला आपण ज्याच्याशिवाय तोरण बांधीत नाही, त्या झेंडूचे पान चुरून पाहा. वास उग्रच आहे. शिवाय झेंडू काही आपल्या वेदकाळापासूनचा नव्हे. तो मेक्सिकोकडचा, पोर्तुगीज जहाजांच्या काळात समुद्रावरून आलेला. निशिगंध तिकडचाच, गुलबक्षीही अमेरिकेतलीच. परक्या देशातून आलेल्या, उग्र वासाच्या फुलाला आपण चारशे वर्षांत देव्हाऱ्यापर्यंत नेले. आणि हजारो वर्षे चुलीशेजारी राहिलेल्या कांद्याच्या फुलाला अंगणातही घेतले नाही. तेव्हा वासाची सबब ही केवळ सांगायची सबब आहे.

दुसरे कारण धर्माचे सांगतील. ते वजनदार आहे. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा द्विजांना वर्ज्य ठरवला. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो, की इथे कांदा-लसूण थोडेच लोक खातात, आणि खाणाऱ्याला गावाबाहेर काढतात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त लसणाची जन्मकथा आहे: चोरून अमृत प्यालेल्या राहूचा गळा कापला गेला, तेव्हा भूमीवर सांडलेल्या थेंबांतून लसूण उगवली. गंमत अशी, की ही कथा सांगणारा वैद्य लसणीचे गुण गाताना थकत नाही. म्हणजे तिच्यात अमृतही आहे आणि राहूही आहे! आमच्या घरांतूनही ही दुहेरी चाल चालूच असते. चातुर्मासात कांदा बंद करायचा, आणि बंद करण्यापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला ‘कांदेनवमी’ म्हणून भजी, थालिपिठे, झुणका यांची अशी चंगळ करायची, की व्रतापेक्षा व्रताची पूर्वसंध्याच लक्षात राहावी.

पण धर्म म्हणजे एवढाच नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा सावता माळी आपल्याच धर्मातला. १२९५ साली त्याने देह ठेवला. हा संत पंढरीला न जाता आपल्या मळ्यातच राहिला, आणि कांदा-मुळ्याच्या वाफ्यातच त्याला विठ्ठल भेटला. त्याने केलेली क्रांती नीट पाहण्यासारखी आहे. त्याने कांदा देव्हाऱ्यात नेला नाही. देवालाच वाफ्यात आणले. आणि पलीकडे प्राचीन मिसर देशात तर कांद्याच्या पापुद्र्याआड पापुद्रा पाहून लोकांना अनंतत्व आठवे, असे म्हणतात. चौथा रामसेस नावाचा राजा मेला, तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या खाचांत लहान कांदे बसवून त्याला परलोकी पाठवले होते. तेव्हा धर्माने कांद्याला हाकलले, हे अर्धे सत्य आहे. धर्माने त्याला हाकललेही आणि कवटाळलेही.

माझ्या मते खरे कारण तिसरेच आहे, आणि ते आपल्या घराच्या रचनेत लिहिलेले आहे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घरी जा. पुढे अंगण, त्यात तुळशीवृंदावन, तगर, जास्वंद, अनंत, सोनचाफा. मागे परस; त्यात अळू, केळ, मिरची, कढीलिंब, भांडी घासायची जागा आणि सांडपाण्याचा पाट. पुढे जे असते ते पाहुण्याला दाखवायचे. मागे जे असते ते घराला जगवायचे. ही दोन जगे एकाच पागोळीखाली असतात, पण त्यांची सोयरीक होत नाही. कांदा मागच्या जगातला. ज्याचा आपल्याला उपयोग आहे त्याच्याकडे आपण सौंदर्याच्या नजरेने पाहत नाही. आणि त्याने आपण होऊन सुंदर दिसू लागावे, तर ते आपल्याला बेशिस्त वाटते. उपयोगाच्या वस्तूने फुलू नये, हा आपला न लिहिलेला कायदा आहे.

या कायद्याविरुद्ध बोलण्यापूर्वी त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मांडला पाहिजे. तो हॉलंड देशात सापडतो. सतराव्या शतकात तिथे ट्युलिपच्या कंदांचे असे वेड पसरले, की एकेका कंदाची किंमत घराएवढी झाली. १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. त्या वेडाची एक गोष्ट चार्ल्स मॅके याने १८४१ साली लिहिली. कोणा खलाशाने व्यापाऱ्याच्या दुकानातला मौल्यवान कंद कांदा समजून उचलला आणि न्याहारीच्या माशाबरोबर खाऊन टाकला. बिचाऱ्याला तुरुंगात जावे लागले. गोष्ट बहुधा रचलेली आहे असे इतिहासकार म्हणतात. तरी आपण ती वाचून हसतो. पण त्याच देशातली पुढची गोष्ट रचलेली नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातील पश्चिम हॉलंडमध्ये अन्न पोहोचेना. सुमारे २०,००० माणसे उपासमारीने व थंडीने मेली. तेव्हा लोकांनी फुलांचे ते कंद उकरून, मधला कोंब काढून, उकडून खाल्ले. ते कसे शिजवावेत, याच्या सूचना छापल्या गेल्या. पुढच्या वसंतात जी फुले फुलायची होती, ती त्या हिवाळ्यात पोरांच्या पोटात गेली.

या दुसऱ्या गोष्टीपुढे मी हात जोडतो. उपाशी पोराच्या हातातला कंद काढून घेऊन ‘हे फूल आहे’ असे सांगणाऱ्या माणसाला सौंदर्यही कळत नाही आणि धर्मही कळत नाही. भूक असते तिथे फुलाने मागे सरावे. फुलाची त्यातच शोभा आहे. पण म्हणून काय सिद्ध झाले? भुकेच्या वेळी कंद खावा, हे सिद्ध झाले. कंद केवळ खाण्यासाठीच जन्मला, हे नव्हे. आपत्काळाचा कायदा आपण बारमाही करून टाकला आहे, माझी तक्रार आहे ती इथे.

यावर एक सोपे उत्तर देता येते, आणि बाजारातल्या त्या गृहस्थांना मी ते देऊन पाहिले. म्हटले, “दांडा फुललाच नाही, तर पुढच्या वर्षीचे बी कुठून येणार? ज्याला तुम्ही घट म्हणता, त्यातूनच उद्याची गोणी भरते.” ते हसले. म्हणाले, “म्हणजे अखेर फूलही कामालाच आलं की, गुरुजी!” त्यांनी मला बरोबर पकडले होते. बी धरायला शेतकरी निवडक कांदे वेगळे लावतोच. तिथे तो डेंगळ्याची वाट पाहतो, कारण तिथे तो उपयोगी आहे. फुलाची वकिली मी उपयोगाच्याच न्यायालयात करीत होतो, आणि तिथे फूल जिंकले तरी हरते.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट (नाव ऐकून आमच्या वर्गातली मुले हसतात, आणि या लेखात तर ते फारच शोभते) याने १७८५ साली एक नियम सांगितला. माणसाला, मग तो दुसरा असो वा आपण स्वतः, केवळ साधन म्हणून वागवू नका. तो स्वतःच एक साध्य आहे हे विसरू नका. या नियमातला सर्व जीव ‘केवळ’ या शब्दात आहे. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतो, पडलेच पाहिजे. आई मुलाच्या, मुलगा आईच्या, गवंडी मास्तरच्या, मास्तर गवंड्याच्या. उपयोग हे पाप नव्हे. ‘केवळ’ हे पाप आहे. कांटने हा नियम माणसापुरता सांगितला. कांद्याला तो लावण्याचा हट्ट मी धरीत नाही. पण कांद्याच्या वाफ्यात जी नजर तयार होते, तीच नजर घेऊन आपण घरात येतो, एवढे मला दिसते.

आमच्या घरी मोठी आत्या होती. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. पहाटे चुलीशी बसायची ती रात्री भांडी उपडी घालून उठायची. तिच्याविषयी घरात कोणी वाईट बोलत नसे. फार काय, तिच्याविषयी कोणी बोलतच नसे. मिठाविषयी कोण बोलतो? पुढे तिचे गुडघे धरले, आणि चुलीशी बसणे संपले. मी त्या वेळी शाळेत होतो. पडवीच्या कोपऱ्यात तिला बसवले, तशी तिने पतंगाच्या कागदाचे ताव मागून घेतले. घडीवर घडी घालायची, जुनी कातर चालवायची, आणि उलगडले की त्यात जाळी, वेल, मोर, कमळे. कामट्या बांधून त्या वर्षी तिने जो आकाशकंदील केला, त्याच्या आठही बाजूंची नक्षी निराळी होती. शेजारपाजारची माणसे कौतुकाने पाहत, आणि म्हणत, “आत्याबाईंना आता काम नाही ना, म्हणून हा चाळा.”

त्या वाक्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तरीही मोठेपणी मला त्या वाक्याचा अर्थ लागू लागला, तसा तो बोचू लागला. काम नाही म्हणून! कोठीच्या कोपऱ्यात एखादा कांदा नजरचुकीने राहून जातो. कोणी चिरायला नेत नाही. आणि अंधारातच त्याला हिरवा कोंब फुटतो. तसेच हे झाले होते. ते मोर आणि ती कमळे गुडघे धरल्यावर तिच्यात आली असतील का? ती चाळीस वर्षे तिथेच होती. फक्त तिला कोणी चिरायचे सोडले नव्हते. ती फुलली ती आमच्या कृपेने नव्हे, आमच्या विसरण्याने. आणि जी मागची दारे अशी विसरली गेलीच नाहीत, त्यांच्या आत काय काय होते, हे आता कोण सांगणार?

आमचा सारा मुलूखच या प्रकारचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोकणाने मुंबईला माणसे पुरवली. गिरणीत त्यांचा बिल्ल्यावर नंबर होता, खोलीत एका पथारीपुरती जागा होती. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, आणि नंबर पुसले गेले. पण गिरणी चालू असतानाही, गणपतीला हा चाकरमानी गावी आला, की पायांत चाळ बांधून जाखडीत उभा राही; मध्यभागी ढोलकी, भोवती फेर, शक्ती-तुऱ्याचे सवालजवाब रात्रभर. मुंबईत ज्याला कोणी नावाने हाक मारीत नसे, तो इथे गाणे रचून समोरच्या शाहिराला निरुत्तर करी. गिरणीच्या हिशेबात त्या रात्री म्हणजे रजा, म्हणजे घट. त्याच्या स्वतःच्या हिशेबात कदाचित उरलेले सारे वर्षच घटीचे असेल. त्या माणसाला विचारले असते, की तू खरा कोणता, मुंबईचा की गणपतीचा, तर त्याने काय सांगितले असते याविषयी मला शंका नाही.

शाळेत हा प्रश्न रोज माझ्यापुढे बाकावर येऊन बसतो. आठवीतल्या एका मुलाने वर्षभर एक वही ठेवली होती. शाळेत येताना जगबुडीच्या पुलावरून पाण्याचा जो रंग दिसेल, तो तारीख घालून लिहायचा. ‘तांबडे, काव कालवल्यासारखे.’ ‘आज काचेसारखे, तळचा गोटा दिसला.’ ‘भरतीचे, रंग सांगता येत नाही.’ त्याचे वडील टेम्पो चालवतात. वही पाहून त्यांनी मला विचारले, “गुरुजी, हे परीक्षेला येतं का?” मी म्हटले, “येत नाही.” ते गप्प झाले, आणि मीही. त्या माणसाचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. हप्ते फेडणाऱ्या बापाचा होता. मुलाचे शिक्षण वाया जाऊ नये, ही त्याची भूकच होती, आणि भुकेपुढे हात जोडावेत असे मी वर लिहिलेच आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले ते अशाच एका हिशेबात. म्हणून तो हिशेब मला परका नाही. मी इतकेच म्हणालो, “परीक्षेचा अभ्यास मी करून घेतो. वही मात्र त्याच्याजवळच राहू द्या.” त्यांनी ती फाडली नाही. एवढ्याने मला पुष्कळ वाटले.

इथे कोणी मला उलट विचारील, आणि विचारावेच: “मास्तर, हल्ली तर आम्ही मुलांना फुलवण्याच्याच मागे आहोत. नाच, गाणे, चित्रे, सगळ्यांचे वर्ग लावले आहेत.” खरे आहे. पण शोभेच्या कंदांच्या व्यापारात काय चालते ते ऐका. कंद शीतगृहात ठेवून त्याला खोटा हिवाळा दाखवतात, मग उबेत आणून अवेळी फुलवतात. सणाच्या दिवशी टवटवीत फूल तयार, आणि फुलून थकलेला कंद पुष्कळदा कचऱ्यात. तिथे कांद्याला कोणी खात नाही. तरी त्याला कोणी विचारतही नाही. पोराच्या गाण्याला बक्षीस मिळालेच पाहिजे, त्याच्या चित्राला पहिला नंबर आलाच पाहिजे, असे म्हणणारी नजर भाजीवाल्याच्या नजरेहून निराळी नाही; फक्त तिने गोणीऐवजी फुलदाणी हातात घेतली आहे. म्हणून मला वाटते, की पुढचे अंगण चांगले आणि मागचे परस वाईट, असा हा सवाल नाहीच. खायचा कांदा गुलाम आणि पाहायचा कांदा राजा, असेही नाही. ज्याच्याकडून आपण घेतो, त्याचे काही त्याच्याजवळ शिल्लक ठेवतो की नाही, एवढाच सवाल आहे.

किती शिल्लक ठेवावे? शेतकऱ्याला सारे रान डेंगळ्यांना सोडता येत नाही, संसारालाही येत नाही. आत्या चुलीशी बसली नसती, तर आम्ही उपाशी राहिलो असतो. पण चाळीस वर्षांतल्या चाळीस दुपारी तरी तिच्या असत्या, तर चूल विझली नसती. माझे मागणे एवढेच आहे. सारे रान नको, एक वाफा. आणि तो वाफा ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून नको. तो ज्याचा आहे त्याचा म्हणून.

वाचकहो, दिवाळी झाली की कांदा लावायचे दिवस येतात. फराळ संपला, पाहुणे गेले, की टोपलीतला एक मोठा, निरोगी, शक्य तर कोंब फुटू लागलेला कांदा निवडा. तो परसात नको. पुढच्या अंगणात, तुळशीच्या जवळपास, शेवंतीच्या ओळीत लावा. अंगण नसेल तर कुंडी चालेल, पण तिच्या बुडाला भोक हवे, आणि माती अशी हवी की पाणी साचणार नाही. कांद्याची मान मातीबाहेर राहू द्या. ऊन भरपूर, पाणी बेताचे. पात आली, की पोह्यांवर घालायला कापून नेण्याचा मोह होईल, तेवढा आवरा. प्रत्येक कांदा फुलेलच असे नाही. थंडी कशी पडते त्यावर आहे. पण फुलला, तर माघ-फाल्गुनात त्या पोकळ दांड्यावर पांढऱ्या चांदण्यांचा गेंद उघडेल.

शेजारीण विचारील, “अगंबाई, हा कांदा इथे कशाला?” तिला उत्तर द्यायची घाई करू नका. उत्तर शोधताना आपली नजर कदाचित मागच्या दाराकडे वळेल, तिथे पदर खोचून कामाला लागलेल्या माणसाकडे जाईल. आणि त्या माणसाला आपण हाक मारू, पण कामासाठी नव्हे, फूल पाहायला.